रांगेची दुर्बीण

मला एक डोळा मिटता येत नाही. डावा मिटायला गेले की उजवाही त्याच्याबरोबर मिटतो. शाळेत पोरी एकमेकींना डोळे मारायच्या, तेव्हा मी आपली दोन्ही डोळे गच्च मिटून उभी राहायचे आणि त्या खिदळायच्या. पुढं त्यावाचून काही अडलं नाही. लग्न झालं, संसार झाला, हे गेले. कुठंच एक डोळा मिटायची गरज पडली नाही. अडलं ते ह्या वर्षी, सत्त्याण्णव साली, उल्हासनगरच्या एका दुकानात. ते येईलच पुढं. आधी मी त्या दुकानात कशाला गेले ते सांगते, नाहीतर तुम्ही म्हणाल, बाईला ह्या वयात दुर्बिणीचं काय सुचलं.

बदलापूरला हेंद्रेपाड्यात आमची तीन मजली बिल्डिंग आहे. तिसऱ्या मजल्यावर मी एकटी, डोक्यावर गच्ची. आमचे हे, दिनानाथ खारकर, अंबरनाथला एका केमिकल कंपनीत ऑफिसर होते. तीन वर्षांपूर्वी गेले. मूलबाळ नाही. एकटेपणा लोक सांगतात तसा नसतो हो. रोज रडू वगैरे येत नाही. दूधवाल्याशी बोलताना आपण उगीच लांबण लावतोय हे आपलं आपल्यालाच कळतं, एवढंच. गॅसवाला आला की मी त्याला चहा विचारते. तो नको म्हणतो, त्याला पुढची सिलिंडरं टाकायची असतात. मग दार लावायचं. संध्याकाळी घर इतकं गप्प होतं की फ्रिज घुरघुरला तरी बरं वाटतं.

आणि चैत्र आला की माझं डोकं फिरतं. ह्या बिल्डिंगमध्ये चैत्रगौरीचं हळदीकुंकू सुरू केलं ते मी. तेव्हा सगळ्या नवीन होत्या, कुणी कोकणातली, कुणी देशावरची, कुणी इथल्याच गावातली. गौर कशी मांडायची, भिजवलेल्या हरभऱ्यांनी ओटी कशी भरायची, सगळं माझ्याकडे बघून शिकल्या. दुसऱ्या मजल्यावरच्या उमाला आंब्याची डाळ करायला मीच शिकवली. डाळ भरड वाटायची, पीठ करायचं नाही, कैरी आंबटढाण बघून घ्यायची. माझ्या हळदीकुंकवाला चपलांचा ढीग जिन्यात उतरायचा.

हे गेल्यापासून मला बोलावणं येत नाही. विधवेला हळदीकुंकवाला कसं बोलवायचं? वाईट कुणीच नाही त्यांच्यातलं. दुसऱ्या दिवशी वाटीत डाळ येते, वर ताटली झाकून. "काकू, तुमच्यासाठी मुद्दाम काढून ठेवली होती." वाटी रिकामी परत देऊ नये म्हणून मी तीत साखर घालते आणि दार लावते. डाळीत कैरी कमी असते. दर वर्षी कमीच असते मेली!

तर मार्च संपता संपता तो धूमकेतू आला, हेल-बॉप. पेपरात रोज त्याचंच. ह्यांच्या कंपनीतले कमळाकर म्हणून एक आहेत, अंबरनाथ पश्चिमेला राहतात, आकाश बघायचा त्यांना भारी नाद. ह्यांच्यामागे अधूनमधून फोन करून चौकशी करणारा तेवढा एकच माणूस. ते म्हणाले, "वहिनी, आमच्या मंडळानं शाळेच्या मैदानावर टेलिस्कोप लावलाय. या बघायला." मी गेले. धूमकेतूशी मला काय देणंघेणं? घरातून बाहेर पडायला निमित्त मिळालं म्हणून गेले.

आणि तिथं रांग होती. टेलिस्कोप एक आणि माणसं पार फाटकापर्यंत. माझ्यापुढं एक बाई होती, तिनं मला सुपारी दिली आणि तिच्या जावेच्या कागाळ्या सांगितल्या. मागच्या माणसानं त्याची पिशवी माझ्याकडे दिली, "जरा धरा हं, ताई, बूट सैल झालाय." रांगेत उभं राहिलं की कुणी विचारत नाही तुम्ही कोण, तुमचे हे कुठे असतात. नंबर असला म्हणजे झालं. मला इतकं बरं वाटत होतं की मी मागच्या दोघांना पुढं जाऊ दिलं. माझा नंबर येईपर्यंत धूमकेतू झाडांमागं उतरला. कमळाकर हळहळले. मला काही सुद्धा वाटलं नाही. घरी परत येताना मी मनात पक्कं केलं होतं, आपण टेलिस्कोप घ्यायचा. आपल्याकडे गच्ची आहे. गच्चीवर टेलिस्कोप लावला की रांग लागेल. हळदीकुंकवाला नाही बोलवता येत ना मला? ठीक आहे, आकाश बघायला तर बोलवता येईल! त्याला काय सवाष्ण लागते?

पैशाचं विचाराल तर सांगणार नाही, ती माझी बाब आहे.

कमळाकरांना फोन केला तर माणूस आनंदानं वेडाच झाला. उल्हासनगरला कॅम्प एकमध्ये परसूशेठ नावाच्या सिंध्याचं दुकान आहे, घड्याळं, कॅमेरे, कॅल्क्युलेटर, सगळा बाहेरचा माल. तिथं भेटायचं ठरलं. उल्हासनगरचा माल म्हटलं की आपली माणसं नाक मुरडतात, सगळं डुप्लिकेट असतं म्हणतात, आणि खरेदीला तिथंच जातात. मीही गेले.

परसूशेठनं काउंटरवर दोन वस्तू मांडल्या. एक दोन डोळ्यांनी बघायची दुर्बीण, काळी, जड, गळ्यात अडकवायचा पट्टा असलेली. दुसरा टेलिस्कोप, लांब पांढरी नळी, तीन बारीक पाय, सगळं दुमडून एका खोक्यात बसणारं.

"वहिनी, तुम्ही दुर्बीण घ्या," कमळाकर लगेच म्हणाले. "सात बाय पन्नास आहे. म्हणजे वस्तू सातपट मोठी दिसणार आणि पुढचं भिंग पन्नास मिलिमीटर रुंद. भिंग जितकं रुंद तितका उजेड जास्त आत येतो. पॉवर जास्त असली की हातात थरथरतं, सात म्हणजे बेताची. गच्चीच्या कठड्यावर कोपरं टेकायची आणि निवांत बघायचं. धूमकेतूची आख्खी शेपटी दिसेल. नवशिक्यानं आधी दुर्बीणच घ्यावी, असं कुणीही जाणता सांगेल."

"साईं, वो तो छोटी चीज है," परसूशेठ मध्येच म्हणाला. "भाभीजी, ये देखो, पांच सौ पच्चीस पावर! चांद पे आदमी दिखेगा."

"ते खोक्यावरचं वाचूच नका," कमळाकर तडकले. "साठ मिलिमीटरच्या भिंगाला शंभराच्या वर पॉवर लावली तर नुसता धुरळा दिसतो. आणि ह्याचे पाय बघा, माशी बसली तरी हलतील."

मी आधी दुर्बीण घेतली. दोन्ही डोळे उघडे ठेवून बघायचं, मला सोयीचंच. रस्त्यापलीकडे दुसऱ्या मजल्यावर एक सिंधी बाई खाटेवर पापड वाळत घालत होती. दुर्बीण डोळ्याला लावली मात्र, दुकान नाही, परसूशेठ नाही, कमळाकर नाही. मी आणि ती बाई. तिच्या नाकातली चमकी दिसली. पापड उलटताना ती काहीतरी पुटपुटत होती तेही दिसलं. आणि तिला माझा पत्ताच नव्हता.

मी घाईघाईनं दुर्बीण खाली ठेवली. वस्तू चांगली होती, फारच चांगली होती. पण असलं बघणं मी तीन वर्षं माझ्या खिडकीतून करतेच आहे, त्याला निराळी दुर्बीण कशाला?

"तो दाखवा," मी टेलिस्कोपकडे बोट केलं.

परसूशेठनं नळी रस्त्याकडे वळवली. "भाभीजी, एक आंख बंद करो."

"नहीं होती."

"नहीं होती? कैसे नहीं होती?"

"नहीं होती म्हणजे नहीं होती! आता काय डोळ्याला दोरी बांधू?"

शेवटी डाव्या डोळ्यावर तळहात दाबून उजव्यानं बघितलं. बघते तो काय, एक स्कूटरवाला डोकं खाली पाय वर करून चाललाय! दुकानांच्या पाट्या उलट्या, माणसं उलटी, एक गाय आकाशाला लटकलेली.

"हे काय?" मी ओरडले. "भर दुपारी डुप्लिकेट माल गळ्यात मारताय? उलटा है ये! सब उलटा है!"

परसूशेठनं स्वतः डोळा लावला आणि त्याचाही चेहरा पडला. त्यानं आख्खी नळीच फिरवली, तरी गाय लटकलेलीच. तो मला म्हणेना चूक आणि म्हणेना बरोबर. कमळाकर मात्र पोट धरून हसत होते. "वहिनी, अहो, आकाशाच्या टेलिस्कोपमधून उलटंच दिसतं. सुलटं करायला जास्तीचं भिंग घालावं लागतं आणि ते उजेड खातं. आकाशाला काय वर आणि काय खाली?"

"आकाशाला नसेल, मला आहे," मी म्हटलं. पण घेतला तोच.

कमळाकर हसायचे थांबले. "वहिनी, का घेताय हे? मी एवढं समजावून सांगितलं. एकट्या माणसाला दुर्बीणच बरी."

"दुर्बिणीला रांग लागते का?" मी विचारलं.

त्यांना काही उमगलं नाही. उमगलं असतं तरी त्यांनी काय केलं असतं? ते सज्जन गृहस्थ, त्यांनी नुसता चष्मा पुसला. परसूशेठ खोकं बांधता बांधता म्हणाला, "पंद्रह दिन में पसंद नहीं आया तो दुर्बीण ले जाना. बदल के दूंगा."

दिवस कमळाकरांनीच सांगितला. पाडव्यानंतरचा शुक्रवार. शुक्रवारी कारखान्यांना सुट्टी, धूर कमी. चंद्रही कोवळा, उजेडाचा त्रास नाही. वायव्येला, अंबरनाथच्या बाजूला, दिवेलागणीनंतर धूमकेतू दिसेल. मी रोज दुपारी टेलिस्कोप गच्चीवर नेऊन समोरच्या पाण्याच्या टाकीवर रोखायची सवय केली. नळी डावीकडे ढकलली की टाकी भलतीकडेच पळायची. तरी जमलं. उलटी टाकी मला पाठ झाली.

मग बोलवायला निघाले. अगदी हळदीकुंकवाचं बोलावणं करतात तशी, दारोदार, आत न बसता, उंबऱ्याशी उभी राहून. "शुक्रवारी संध्याकाळी गच्चीवर या. माझ्याकडे टेलिस्कोप आलाय. धूमकेतू बघायचाय."

तळमजल्यावरच्या रखमाचं तोंड एवढंसं झालं. "अगं बाई, शेंडेनक्षत्र? नको गं काकू, आमच्या सुनेला दिवस गेलेत. ते अपशकुनी असतं. राजा मरतो म्हणतात."

"बदलापुरात राजा कोण आहे?" मी विचारलं.

त्यावर ती हसली, पण म्हणाली, "बघू हं." बघू हं म्हणजे काय ते आपल्याला ठाऊक असतं. पहिल्या मजल्यावरही बघू हं. समोरच्या दारात "ह्यांना विचारून सांगते." आणि मी मूर्ख, मला तेव्हा कळायला हवं होतं की मी काय करत होते. चैत्राच्या शुक्रवारी, तिन्हीसांजेला, मी, कपाळ रिकामं असलेली बाई, सवाष्णींना शेंडेनक्षत्र बघायला बोलवत होते. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. पण माझ्या डोळ्यांपुढं ती शाळेच्या मैदानावरची रांग होती, दुसरं काही दिसतच नव्हतं.

उमानं दार अर्धंच उघडलं. "शुक्रवारी?" म्हणाली आणि मागं वळून बघितलं. मागं तिची सासू बनूबाई जमिनीवर बसून सुपात हरभरे निवडत होती. बनूबाई इथल्याच गावची, शेतात जन्म गेलेली, नवरा गेला, गुडघे गेले, म्हणून आता मुलाकडे येऊन राहिलेली. ती माझ्याकडे बघून हसली. उमा म्हणाली, "बघते काकू, जमलं तर." ते एवढे हरभरे बघूनही माझ्या टाळक्यात प्रकाश पडला नाही.

शुक्रवार उजाडला. मी गच्ची झाडली, पाणी मारलं, घरातल्या होत्या नव्हत्या त्या सगळ्या खुर्च्या वर नेल्या, सतरंजी घातली. कळशीभर ताक केलं, आलं-कोथिंबीर लावून. पेले मांडले. टेलिस्कोप मधोमध उभा केला आणि रांग कुठून लागेल, वळण कुठं घेईल, ह्याचा विचार करत बसले. हसू नका, खरंच करत होते.

सूर्य गेला. पश्चिमेला चंद्राची कोर दिसायला लागली. आणि जिन्यात पावलं वाजली. एकदोन नाही, पुष्कळ. बांगड्या, पैंजण, नव्या साड्यांची सळसळ.  मी उठून उभी राहिले, पदर नीट केला.

पावलं दुसऱ्या मजल्यावर थांबली. "या, या," उमाचा आवाज. "काय सुंदर मांडलीय गं गौर!" रखमाचा आवाज. दार लागलं.

तेव्हा ते हरभरे आठवले. उमाचं हळदीकुंकू आजच होतं. आख्ख्या बिल्डिंगला माहीत होतं, मला सोडून. मला सांगणार कोण आणि कसं? सांगायचं म्हणजे बोलवायचं, आणि बोलवायचं नाही म्हणून सांगायचं नाही. माझ्यापासून दिवस लपवला आणि मी नेमका तोच धरला. त्या बिचाऱ्या माझ्या तोंडावर काय म्हणणार, बघू हं म्हणाल्या.

मला भयंकर राग आला. खाली जावं आणि भर हळदीकुंकवात जाऊन उभं राहावं, असं वाटलं. डाळ मी शिकवली, गौर मी शिकवली! मग राग उतरला आणि त्याच्यामागं जे येतं ते आलं. मी एका खुर्चीवर बसले. बाकीच्या खुर्च्या तशाच. खालून चमच्यांचे आवाज येत होते, मध्येच सगळ्या एकदम हसायच्या. रडले मी. उगीच नाही कशाला म्हणू? पोटभर रडले.

अंधार झाला तसा धूमकेतू दिसायला लागला. नुसत्या डोळ्यांनी सुद्धा स्वच्छ, अंबरनाथच्या अंगाला, शेपटी वर करून. आता मांडलंच आहे तर बघावं म्हणून डाव्या डोळ्यावर हात दाबला आणि टेलिस्कोपला डोळा लावला. दिसला तो नुसता कापसाचा बोळा. शेपटी कुठंच नाही. आणि हात हलला की नळी हलायची, नळी हलली की बोळा गायब. कमळाकरांचा शब्द न् शब्द खरा होता.

तेवढ्यात जिन्यात पुन्हा पावलं. सावकाश, एकेका पायरीला थांबत. मी गाल पुसले.

बनूबाई होती. कठड्याला धरून धापा टाकत उभी राहिली. "सुनंदाबाय, हाइस का?"

"आहे. कुठं जाणार?"

"मना वर धाडलं उमानं. बोलली, आत्याबाय, गच्चीवर जरा वाऱ्याला बसा. खाली बायका आल्यात."

"ठाऊक आहे."

"ठाऊक हाय? मना वाटलं, तुला सांगितलंच नसंल."

"नाही सांगितलं. ऐकू आलं."

ती खुर्चीवर बसली. रिकाम्या खुर्च्यांकडे बघितलं, कळशीकडे बघितलं, पेल्यांकडे बघितलं. काही बोलली नाही, आणि त्याबद्दल मी तिचे पाय धरायला तयार आहे. मी तिला ताक दिलं. तिनं ते एका दमात पिऊन पेला पुढं केला, मी परत भरला. मग म्हणाली, "काय ता, दाव तरी."

मी तिला टेलिस्कोपपाशी आणलं. "एक डोळा मिट, बनूबाई."

तिनं दोन्ही मिटले.

"एकच."

"एक डोला मिटला का दुसरा बी मिटतो मेला. मना नाय येत."

मला हसूच फुटलं. छप्पन्न वर्षांत माझ्यासारखी दुसरी बाई भेटली ती ही! "थांब," मी म्हटलं आणि मागं उभी राहून तिच्या डाव्या डोळ्यावर माझा तळहात ठेवला. तिच्या गालावर देवीचे जुने वण होते, ते हाताला लागले. कातडी गार होती, मऊ होती. पापणी माझ्या तळव्यात फडफडली. तीन वर्षांत माझा हात कुणाच्या तोंडाला लागला नव्हता. ह्यांची दाढी करून दिली होती दवाखान्यात, त्यानंतर नाहीच. मला ते एकदम उमगलं आणि तशीच उभी राहिले.

"नाय दिसत काय," बनूबाई म्हणाली. "धुकं हाय." तिनं डोकं काढून वर बघितलं. "अगं, ह्यो बिगर नळीचाच बरा दिसतोय की!"

"गप्प. चंद्र दाखवते." मी नळी कोरीवर आणली, परत हात ठेवला.

ती नळीला आणखी चिकटली. मग हळूच म्हणाली, "ह्याला पण देवी आल्त्या का गं?"

"वण आहेत ते. खड्डे."

"माज्यावानी." तिला भारी आनंद झाला. "एवढा देव म्हणून पुजतात, आन तोंड माज्यावानी! आन कोणी बोलतंय का त्याला? सगलं त्यालाच ववालतंय." मग बाजूला झाली. "आता तू बग. तुला बी नाय ना मिटता येत? मघाशी हात लावून बसलेलीस, मी बगितलं जिन्यातून."

म्हणजे तिनं मला रडतानाही बघितलं असणार. मी वाकले. तिनं मागून हात घातला आणि माझा डोळा झाकला, आख्खं कपाळ झाकलं, तिचा तळवाच तेवढा रुंद, नांगर धरलेला. कैरीचा वास येत होता हाताला, वेलचीचा, फोडणीचा. दुपारपासून सगळं तिनंच केलं होतं खालचं. मी चंद्र बघत होते की काय बघत होते कोण जाणे. मला तो हात काढायचाच नव्हता. मधूनच ती म्हणायची, "झालं का?" मी म्हणायचे, "थांब, अजून नाही."

जिन्यात परत पावलं, ह्या वेळी भरभर. उमा. एका हातात बॅटरी, दुसऱ्या हातात ताटली झाकलेली वाटी. "आत्याबाई, चला, गेल्या सगळ्या. काकू, ही तुमची डाळ..." आणि बॅटरी माझ्या तोंडावर.

"बंद कर ती!" मी खेकसले. पण ती बघतच राहिली. मग जवळ आली, वाटी खुर्चीवर ठेवली आणि अगदी मायेनं, हळू आवाजात म्हणाली, "काकू, कपाळाला हळद लागलीय तुमच्या."

मी बनूबाईच्या हाताकडे बघितलं. बॅटरीच्या उजेडात तिची बोटं पिवळीधमक होती, नखांत सुद्धा हळद. "तुज्या हातून हळदीचा डबा लवंडला, तो मीच भरला ना," बनूबाई उमाला म्हणाली. "धुतला व्हता गं हात. जात नाय ती."

उमानं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं आणि माझं कपाळ पुसायला हात पुढं केला. लहान पोराचा शेंबूड पुसावा तितक्या मायेनं. कुणी बघायच्या आत.

मी तिचं मनगट धरलं. नव्या बांगड्या होत्या, हाताला रुतल्या.

"राहू दे," मी म्हटलं. "तुझ्या सासूनं लावलीय."

तिचा हात माझ्या हातात तसाच होता.  मी सोडला नाही. शेवटी तिनंच हळूच सोडवून घेतला. तिच्या डोळ्यांत पाणी होतं की बॅटरीचा उजेड, मला सांगता येणार नाही. "आत्याबाई, तुम्ही या मग सावकाश," म्हणाली आणि खाली गेली. बॅटरी आमच्यासाठी कठड्यावर ठेवून गेली, अंधारात जिना उतरली.

बनूबाईनं वाटीवरची ताटली काढून डाळ चाखली. "कैरी कमी हाय," म्हणाली. "मी बोललेली तिला." मग उठली. "चल, आता माजी पाली. ठेव हात."

आठवड्यानं कमळाकरांचा फोन आला. परसूशेठची मुदत उद्या संपते म्हणून. "वहिनी, शेपटी दिसली का?"

"नाही दिसली. तुमचं सगळं खरं निघालं. बोळा दिसतो नुसता, आणि पाय हलतात."

"मग बदलून घेऊ या ना दुर्बीण! मी येतो उद्या."

"नको."

"अहो, पण एकट्या माणसाला..."

"एकट्या माणसाला दुर्बीणच बरी, कमळाकरभावजी. पटलंय मला," मी म्हटलं. "पण टेलिस्कोपच राहू दे."

बनूबाईचे गुडघे त्या शुक्रवारनंतर धरलेत, उमा सांगत होती. सांगताना माझ्या कपाळाकडे बघत नव्हती. वाटी परत केली मी, साखर घालून. संध्याकाळी टेलिस्कोप वर नेला, ताक नेलं, खुर्च्या ह्या वेळी दोनच. पायऱ्या पुष्कळ आहेत म्हाताऱ्या माणसाला, हे मला कळतं. तरी गच्चीचं दार उघडं ठेवलं आणि जिन्याकडे कान देऊन बसले.